दूरच्या पिंडाची सावली टिपायची असेल तर एकत्र जमू नका, पांगून बसा

कराडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न आहे. फेब्रुवारीत नेपच्यूनपलीकडचा एक पिंड १३.४ प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) एका ताऱ्यासमोरून जाणार आहे आणि त्याच्या सावलीचा पट्टा दक्षिण महाराष्ट्रावरून जाताना दाखवला आहे. पिंडाचा अंदाजे व्यास ६०० किलोमीटर, तारा झाकला जाण्याचा जास्तीत जास्त काळ २६ सेकंद, पट्ट्याची अनिश्चितता ३५० किलोमीटर. कराड, सातारा आणि सांगलीच्या मित्रमंडळींकडे मिळून चार दुर्बिणी आहेत: कॉलेजची ८ इंची डॉब्सोनियन (पेटीवर ठेवून हाताने फिरवायची), एक ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन, मोटार लावलेल्या माउंटवरची ६ इंची न्यूटोनियन आणि ८० मिलिमीटरचा रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण. एवढ्या साधनांत उपयोगाचं काही हाती लागेल का, आणि सगळ्यांनी मिळून कासच्या पठारावर मुक्काम करावा का?

सर, पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, नक्की लागेल. दुसऱ्याचं उत्तर मात्र स्पष्ट नाही असं आहे, आणि ते का हे समजलं की पिधानाच्या, म्हणजे पिंडाने तारा झाकण्याच्या, निरीक्षणाचं मर्म समजलंच म्हणा.

हा पिंड तुम्हाला दिसणार नाही. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पट दूर असलेला ६०० किलोमीटरचा गोळा आकाशात जेमतेम २० मिलिआर्कसेकंदांचा भरतो (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग). हबल दुर्बिणीतही त्याची धड चकती दिसत नाही, मग आपली काय कथा. पण तारा इतका लांब असतो की त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत जवळपास समांतर येतो, त्यामुळे पिंडाची सावली पृथ्वीवर पडते तेव्हा ती पिंडाएवढीच असते. ती तुमच्या अंगावरून सेकंदाला सुमारे २३ किलोमीटर वेगाने सरकते. तारा किती सेकंद गायब झाला हे तुम्ही मोजलं, त्याला या वेगाने गुणलं, की पिंडाच्या कडेपासून कडेपर्यंतची एक जीवा किलोमीटरमध्ये मिळते. मोठमोठ्या दुर्बिणींना जे जमत नाही ते ८ इंचांत होतं, कारण इथे दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याची ताकद, कामाला येत नाही, घड्याळ येतं.

आता चारही दुर्बिणी कासवर लावल्या तर काय होईल? चौघांना एकच जीवा मिळेल. एकच रेघ चार वेळा मोजून पिंडाचा आकार कळत नाही. पिंड गोल आहे असं धरून चाललं तर दोन वेगळ्या जीवा पुरतात. पण हे पिंड बरेचदा लंबगोल असतात, आणि लंबवर्तुळ पक्कं करायला पाच राशी लागतात: केंद्राच्या दोन, दोन अक्ष आणि एक कल. एका जीवेतून कडेचे दोन बिंदू मिळतात, म्हणजे किमान तीन जीवा हव्यात. म्हणून पांगायचं.

पांगायचं तेही दिशा पाहून. पिंड प्रतियुतीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला, असताना पृथ्वी त्याला मागे टाकत असते आणि सावली साधारण पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकते. त्यामुळे पूर्व-पश्चिम कितीही लांब गेलात तरी जीवा तीच राहते, फक्त वेळ थोडी पुढेमागे होते. साताऱ्याचे मित्र उठून दहिवडीला गेले तर आभाळ जास्त काळं मिळेल, पण अक्षांश जवळजवळ तोच असल्याने नवी जीवा मिळणार नाही. साताऱ्यापासून सांगली मात्र उत्तर-दक्षिण मोजली तर ९० किलोमीटरच्या आसपास आहे आणि कराड साधारण मध्यावर. उत्तरेला फलटणपर्यंत गेलात तर फलटण ते सांगली हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात जातं. ६०० किलोमीटरच्या पिंडावर सव्वाशे किलोमीटरचा पसारा म्हणजे व्यासाचा पाचवा भाग, कडेची वक्रता मोजायला चांगला आधार. तुमच्या नकाशावर पट्टा तिरका असेल तर पट्ट्याला काटकोनात अंतर मोजा आणि त्याप्रमाणे गावं ठरवा. एक माणूस फलटणच्या बाजूला, एक कराडमध्ये, एक सांगली-मिरजेच्या दक्षिणेला. कोणी चौथा मोठी दुर्बीण घेऊन तयार झाला तर त्याला साताऱ्यात बसवा.

चौथा म्हटलं, कारण ८० मिलिमीटरच्या रिफ्रॅक्टरला या कामात जमेला धरू नका. सेकंदाच्या अंशाच्या एक्स्पोजरमध्ये १३.४ प्रतीचा तारा त्यात गोंगाटातून वर येणार नाही. त्या दुर्बिणीला दुसरं चांगलं काम आहे, ते खाली सांगतो.

अनिश्चितता ३५० किलोमीटर म्हणजे नेमकं काय, हे मुलांना आधीच समजावून ठेवा, नाहीतर हिरमोड होतो. ४० पट अंतरावर १ मिलिआर्कसेकंदाची चूक म्हणजे जमिनीवर २९ किलोमीटर. गाया उपग्रहाच्या नोंदींमुळे ताऱ्याची जागा आता फार नेमकी कळते. उरलेली चूक मुख्यतः पिंडाच्या कक्षेतली, तुमच्या बाबतीत १२ मिलिआर्कसेकंदांची. पट्ट्याची मध्यरेषा अगदी तुमच्या डोक्यावरून गेली असली तरी तुम्ही प्रत्यक्ष सावलीत असण्याची शक्यता साधारण शंभरात साठ. म्हणजे शंभरातल्या चाळीस वेळा तारा तुमच्या डोळ्यांदेखत जसाच्या तसा तेवत राहील. ती रात्र वाया गेली असं समजू नका. तुमच्याकडे तारा झाकला गेला नाही आणि पुण्यात किंवा बेळगावात गेला, तर पिंडाची कड तुमच्या अलीकडेच संपते हे तुमच्या नोंदीनेच सिद्ध होतं. वेळेचा पक्का शिक्का असलेली ‘काही झालं नाही’ ही नोंद आकार बसवताना फार मोलाची असते. आणि एकट्याला एकच जीवा मिळाली तरी पिंडाची त्या क्षणाची जागा इतकी नेमकी कळते की त्याची कक्षा सुधारते आणि पुढच्या पिधानाचा पट्टा अरुंद होतो.

आता वेळ. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. सेकंदाला २३ किलोमीटर, म्हणजे दशांश सेकंदाची चूक २.३ किलोमीटरची. मोबाइलचं घड्याळ पाहून लॅपटॉप लावला तर चूक कितीची आहे हेही नंतर सांगता येत नाही, आणि मग फलटणची जीवा सांगलीच्या जीवेसमोर सरकलेली दिसते. तो पिंडाचा आकार की घड्याळाचा घोळ, हे कोणीच ठरवू शकत नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवणारं एनटीपी चांगल्या ब्रॉडबँडवर ठीक चालतं, पण माळावर मोबाइल डेटावर त्याचा भरवसा नाही. स्वस्त आणि खात्रीचा मार्ग जीपीएस मॉड्यूलचा. त्यातून दर सेकंदाला एक विद्युत-ठोका निघतो, त्यावर छोटा एलईडी लावा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी तो दुर्बिणीच्या तोंडाशी लुकलुकवा. फ्रेममध्ये उजेड कधी आला यावरून लॅपटॉपचं घड्याळ किती पुढेमागे होतं हे नंतर काढता येतं. मात्र मॉड्यूल किमान पंधरा-वीस मिनिटं आधी उघड्या आभाळाखाली चालू करा. जीपीएसची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे धावते, आणि ती दुरुस्ती उपग्रहांच्या संदेशातून पूर्ण उतरून यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. घाईत चालू केलेलं मॉड्यूल दिसायला बरोबर आणि प्रत्यक्षात सेकंदांनी चुकलेलं असू शकतं. नोंद जागतिक प्रमाणवेळेतच ठेवा, भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. मध्यरात्रीनंतरचं निरीक्षण असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, तिथे बरेच जण गोंधळतात.

कॅमेरा मोनो, म्हणजे कृष्णधवल, सीमॉस घ्या, रंगीत नको. एक्स्पोजर ०.२ ते ०.३ सेकंद ठेवा. ०.२ सेकंदात सावली ४.६ किलोमीटर सरकते, तुमच्या पिंडासाठी ते पुरेसं बारीक आहे. त्याहून जलद जाण्याचा मोह होतो, पण इतक्या अंतरावर सावलीची कडच विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश कडेपाशी वळल्याने, किलोमीटर-दीड किलोमीटर पसरलेली असते. शिवाय एक्स्पोजर कमी केलं की तारा गोंगाटात बुडतो. गेन, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, वाढवा, पण ताऱ्याचा मधला पिक्सेल संपृक्त, म्हणजे पूर्ण पांढरा, होऊ देऊ नका. फाइल एसईआर किंवा फिट्स या न दाबलेल्या प्रकारात साठवा. व्हिडिओचं दाबून छोटं केलेलं रूप घेतलंत तर मंद ताऱ्याचा प्रकाश आधी त्यातच जातो. रोलिंग शटर (चौकट ओळीओळीने टिपणारं) असेल तर तारा चौकटीत वरच्या ओळीत होता की खालच्या, हे लिहून ठेवा, कारण दोन्हींच्या वेळेत फरक पडतो.

चौकटीत पिधानाच्या ताऱ्याबरोबर आणखी किमान दोन तारे हवेत, जवळपास तेवढ्याच तेजाचे. पातळ ढग आला की तिघेही एकदम मंदावतात. पिधान झालं तर एकच जातो. पडद्यावर हे बघताना अंगावर काटा येतो: तीन ठिपके वाऱ्याने थरथरत असतात, एका फ्रेममध्ये मधला असतो आणि पुढच्या फ्रेममध्ये तिथे नुसता करडा गोंगाट, बाजूचे दोघे आहेत तसेच. मंदावणं नाही, सरकणं नाही. वीस-पंचवीस सेकंद तिथे काहीच नाही आणि मग पुन्हा एका फ्रेमच्या फरकाने तारा जागेवर. पिंडाला वातावरण नाही हे तुम्हाला त्या एका झटक्यातच कळलेलं असतं. प्लूटोच्या बाबतीत असं होत नाही. तिथे प्रकाश वातावरणात वाकत वाकत उतरतो आणि आलेख कड्यासारखा तुटण्याऐवजी घसरगुंडीसारखा खाली जातो. १९८८ साली याच पद्धतीने प्लूटोच्या वातावरणावर शिक्कामोर्तब झालं.

डॉब्सोनियनची अडचण मात्र खरी आहे. लघुग्रहांच्या छोट्या पिधानांसाठी ती मोटारीशिवायही चालते: तारा ठरलेल्या क्षणी जिथे असेल त्या दिशेला दुर्बीण आधीच लावून सोडायची आणि आभाळ आपोआप चौकटीत येऊ द्यायचं. पण साध्या कॅमेऱ्याची चौकट तुमच्या दुर्बिणीवर पाव अंशाची भरेल आणि तारा तिच्यातून मिनिटभरात निघून जाईल. तुमच्या पिंडाची वेळच पंधरा सेकंदांनी पुढेमागे होऊ शकते, त्यात पिधानाची २६ सेकंदं, आणि पुढे सांगतो तो पिंडाभोवतीच्या कड्यांचा शोध. मिनिटभर पुरत नाही. लाकडी इक्वेटोरियल प्लॅटफॉर्म, म्हणजे आभाळाबरोबर दुर्बीण फिरवणारी बैठक, करायचा विचार मनात येईल, पण आपल्या १७ अंश अक्षांशावर ध्रुव इतका खाली असतो की तो प्लॅटफॉर्म स्थिर करणं जिकिरीचं होतं. त्यापेक्षा डॉब्सोनियनची नळी पेटीतून काढून, नळी धरणाऱ्या रिंगांमध्ये बसवून, कोणाकडून तरी मोटारीचं दणकट इक्वेटोरियल माउंट आणा आणि त्यावर चढवा. ८ इंचाची लांब नळी वाऱ्याला फार धरते, म्हणून आडोसा शोधा.

जागेचं बोलायचं तर कासबद्दल माझं मत सरळ आहे: आभाळ सुंदर, पण या कामाला गैरसोयीचं. वारा, पहाटेचं धुकं, आणि रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वारा आहे म्हणूनच, तिथे लांब नळी स्थिर राहणं कठीण. माण, खटाव, आटपाडी, जत हा दुष्काळी पट्टा मला पिधानासाठी सगळ्यात आवडतो. हवा कोरडी, दव कमी आणि मुरमाड माळावर ट्रायपॉड रोवला की रात्रभर हलत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत तो हळूहळू खचतो आणि तारा चौकटीतून सरकत राहतो, तिथे पायांखाली फरश्या ठेवा. फेब्रुवारी म्हणजे गाळपाचा हंगाम. ऊस पेटवला असेल त्या बाजूला धूर, आणि रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे दिवे. रस्त्यापासून आत, कारखान्याच्या विरुद्ध बाजूला शेत निवडा आणि शेतमालकाला आधी भेटून या. अंधारात टॉर्च घेऊन वावरात फिरणाऱ्या अनोळखी माणसांकडे गावात संशयाने पाहिलं जातं, आणि ते रास्तच आहे. लॅपटॉप आणि माउंट दोन्ही वेगळ्या बॅटऱ्यांवर चालवा, पंपाच्या जोडणीवर विसंबू नका. आदल्या दोन-तीन रात्री त्याच जागी जाऊन तोच तारा शोधा. तारा रोज चार मिनिटं लवकर त्याच जागी येतो, म्हणजे आदल्या रात्री तो चार मिनिटं उशिरा तिथे असेल. १३.४ प्रतीचा तारा ऐनवेळी शोधायला लागणाऱ्यांना तो सहसा वेळेत सापडत नाही.

तुम्हाला फेब्रुवारीतलं पिधान मिळालंय हे भाग्य समजा. आपल्या भागाची एक खंत अशी की पिधानं जिथे जास्त होतात ते आभाळ पावसाळ्यात जातं. प्लूटो, क्वाओआर, कॅरिक्लो हे सगळे दूरचे पिंड सध्या धनू राशीच्या अवतीभवती, आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांतून किंवा त्यांच्या जवळून जातात आणि त्यांची प्रतियुती जून-जुलैत येते. तेव्हा महाबळेश्वरपासून इस्लामपूरपर्यंत ढगांचं छत. ६ जून २०२० चं प्लूटोचं पिधान उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटर आणि १.३ मीटर दुर्बिणींनी टिपलं, पावसाच्या तोंडावर. उलट हाउमेआ आणि माकेमाके हे नेपच्यूनपलीकडचे पिंड मार्च-एप्रिलच्या आपल्या स्वच्छ रात्री जवळजवळ डोक्यावर असतात, पण ते तारे विरळ असलेल्या भागात, म्हणून त्यांची पिधानं क्वचित. तोवर हात बसवायला नोव्हेंबर ते मे मंगळ-गुरू दरम्यानच्या लघुग्रहांची पिधानं घ्या. ऑकल्ट वॉचर या मोफत प्रोग्रॅममध्ये तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश भरले की यादी समोर येते. त्यांतले १० प्रतीच्या आसपासचे तारे तुमचा ८० मिलिमीटरचा रिफ्रॅक्टर उत्तम टिपेल. मुलांना त्यावर तयार करा. लघुग्रहाची सावली चाळीस-पन्नास किलोमीटरची असते, तेव्हा कराडला दिसलं आणि सांगलीला नाही असा अनुभव येतो आणि पांगून बसण्याचं कारण फळ्यावर न सांगता कळतं.

रेकॉर्डिंग किती वेळ करायचं हे विचारायचं तुम्ही राहून गेलात. ठरलेल्या वेळेच्या आधी किमान दहा मिनिटं सुरू करा आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवा, पिधान होवो न होवो. १० मार्च १९७७ ला युरेनसमागे तारा जाणार होता तेव्हा जेम्स इलियट यांच्या गटाने विमानातल्या दुर्बिणीवर यंत्रणा बऱ्याच आधी सुरू केली होती, आणि ग्रहाच्या आधीच ताऱ्याचा प्रकाश पुन्हा पुन्हा क्षणभर खाली गेला. युरेनसची कडी अशी सापडली. त्याच रात्री तमिळनाडूत कावलूरच्या वेधशाळेतून भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही १०२ सेंटिमीटर दुर्बिणीने प्रकाशातली घट नोंदवली होती. कॅरिक्लो हा जेमतेम २५० किलोमीटरचा पिंड, पण ३ जून २०१३ च्या पिधानात त्याच्याभोवती दोन कडी निघाली, एक सुमारे ७ किलोमीटर रुंद आणि दुसरं ३ किलोमीटर. २०१७ मध्ये हाउमेआचं कडं सापडलं. क्वाओआरचं कडं तर केंद्रापासून ४१०० किलोमीटरवर. तुमच्या सावलीच्या वेगाने एवढं अंतर कापायला मुख्य पिधानाच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ तीन-तीन मिनिटं लागतील. पिधान संपलं म्हणून जल्लोषात रेकॉर्डिंग थांबवणारा माणूस नेमकं तेच गमावतो. म्हणून तेवीस-चोवीस सेकंदांनंतर तारा परत आला तरी लॅपटॉपला हात लावू नका.

नंतरचं काम घाईचं नाही. टँग्रा किंवा पायमूव्ही या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून पिधानाचा तारा आणि तुलनेचे तारे मोजा, तारा गेल्याची आणि आल्याची वेळ चुकीच्या मर्यादेसकट लिहा, जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची जीपीएसवरून नोंदवा. तिन्ही ठिकाणच्या नोंदी एकमेकांना दाखवण्याआधी स्वतंत्रपणे मोजून घ्या, म्हणजे एकाचा आकडा दुसऱ्याच्या मनात बसत नाही. मग आयओटीए या पिधान निरीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे अहवाल पाठवा, आणि भाकीत पॅरिसच्या लकी स्टार प्रकल्पाचं असेल तर त्यांच्याकडेही. काहीच दिसलं नसेल तरी अहवाल पाठवाच. मूळ फाइली पुसू नका. दहा-पंधरा जीबी जागा गेली तरी चालेल, दोन हार्ड डिस्कवर ठेवा. क्वाओआरच्या कड्याचा निर्णय २०२३ मध्ये जाहीर झाला तो २०१८ ते २०२१ दरम्यानच्या वेगवेगळ्या पिधानांच्या नोंदी एकत्र तपासून, आणि त्यात ऑस्ट्रेलियातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदीही होत्या.

फलटणला कोण जाणार हे ठरलं की पट्ट्याचा नकाशा आणि तिन्ही जागांचे अक्षांश-रेखांश मला पाठवा. जीवांमधलं अंतर मी काढून देतो, आणि कराडची जागा उत्तरेला सरकवायची की दक्षिणेला तेही बघू.